शिट्टीचा वरचा सूर

तिच्या पायाला भिंगरी लागलीय असं घरचे म्हणतात, पण ते काही खरं नाही. भिंगरी निदान एका जागी फिरते. ही जेवताना दोनदा-तीनदा उठते, फोनवर बोलताना सगळ्या घरभर चालते आणि टीव्हीसमोर बसवलीच तर बातम्या संपायच्या आत पडदे काढून धुवायला टाकते. नवरा चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "हलू नका, सरळ बघा" असं सांगून येतो आणि घरी आल्यावर बायकोला तेच सांगतो. दुकानात त्याचं ऐकतात.

नाव तिचं वेगळं आहे, पण ते आता फक्त बँकेला आणि डॉक्टरांना माहीत. बाकी सगळे तिला शिट्टी म्हणतात. हे नाव तिला बँडमधल्या मुलींनी ठेवलं, कारण त्यांच्या गाजलेल्या गाण्यात जो सगळ्यात वरचा सूर होता, तो हिचा होता. बँड मोडला, मुली चार दिशांना गेल्या, गाणं जुनं झालं. नाव मात्र चिकटून राहिलं.

सध्या ती ड्रायव्हिंग शिकवते. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक वेगळा ब्रेक असतो, अडीअडचणीला दाबायचा. शिट्टीची अडीअडचण इंजिन सुरू झाल्याबरोबर सुरू होते. समोर मांजर दिसलं की हिचा पाय ब्रेकवर, मांजर दिसेलसं वाटलं तरी पाय ब्रेकवर. एक निवृत्त शिक्षक गाडी शिकायला येत असत. ते एकदा वैतागून म्हणाले, "मॅडम, एकदा तरी मला माझा मी थांबू द्या हो." शिट्टीला हसू आलं. पुढच्या वळणावर तिने पुन्हा त्यांच्या आधी ब्रेक दाबला.

दोन शिकाऊंच्या मधे थोडा वेळ मिळाला की ती गाडी घेऊन एका बंद गोदामामागे जायची. तिथे कोणी फिरकत नाही. काचा वर, दारं बंद. मग घसा खाकरून ती एक ओळ गायची. "अजून जरा थांब ना." ओळ खालून निघते, "जरा"वर वळसा घेते आणि "ना"वर एकदम गच्चीत चढते. शिट्टी वळशापर्यंत नीट जायची. गच्चीच्या दाराशी आवाज फाटायचा. पुन्हा घ्यायची, पुन्हा फाटायचा. दुखऱ्या दाताला जीभ सारखी लागते ना, तसं तिचं त्या सुराशी होतं. दुखतंय हे माहीत असूनही रोज जाऊन बघितल्याशिवाय चैन नाही. मग ती बाटलीतलं पाणी प्यायची, आरशात चेहरा ठीक करायची आणि पुढच्या शिकाऊला घ्यायला निघायची.

हे किती वर्षं चाललं होतं ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याला माहीत होतं. चष्मे विकणाऱ्या माणसाला दिसतं थोडंफार.

तर तो बँड. चार मुली, सारख्या उंचीच्या, निवडून आणलेल्या. मॅनेजर आधी बुटांच्या जाहिराती करायचा, त्यामुळे त्याचं लक्ष कायम चकाकीवर. चौघींत पुढे उभी राहणारी ती महाराणी. दिसायला देखणी, बोलायला फाडफाड, गायला बेताची. उरलेल्या दोघी सख्ख्या बहिणी, नाचात पटाईत. आणि चौथी शिट्टी, जिला खरोखर गाता येत होतं आणि म्हणून जिला कडेला उभं केलं होतं. मॅनेजरचं म्हणणं, गाणारीचं तोंड फार वाकडं होतं.

गाणं रेकॉर्ड झालं एका गल्लीतल्या स्टुडिओत. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, कोपऱ्यात घोंगडी टांगलेली, तिच्या आड एकेकीने उभं राहून गायचं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टकाका. हा माणूस गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलायचा नाही. शिट्टीने "ना" पहिल्याच फटक्यात घेतला. पूर्ण गळ्याने, पोटातून. काकांनी मान हलवली, मॅनेजरने काचेमागून अंगठा दाखवला आणि ती घोंगडीबाहेर आली ती नाचतच.

महिन्याभराने कॅसेट आली. ऐकताना शिट्टी चकितच झाली. आवाज किती कोवळा, किती लखलखीत! गाणंही कसं टणाटण उड्या मारत चाललेलं. "हे मी गायलेय?" तिने विचारलं. महाराणी म्हणाली, "मशिनमधून असंच येतं गं. माझा आवाज बघ, मलाच ओळखू येईना." चौघीही हसल्या आणि विषय संपला.

आईपुढे मात्र तो संपला नाही. आई घरी शिवणकाम करायची. लेकीने मोठ्या कौतुकाने कॅसेट लावली. आईने शिलाई मशिनचा पाय थांबवला, गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं आहे. पण ही तू नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे तू नाहीस. तुझा आवाज मी रोज ऐकते या घरात. ही कोणीतरी लहान मुलगी आहे."

आभाळ ठेंगणं झालेलं असताना आईने असं बोलावं हे शिट्टीला फार लागलं. आईला माझं चांगलं बघवत नाही, तिला मी शिवणाला बसलेली हवी होते, असलं काहीबाही ती बोलून बसली. आईने पुन्हा पाय मशिनवर ठेवला. त्या दिवसापासून दोघींत जी अढी बसली ती बसलीच. बोलणं थांबलं नाही, पण गाण्याबद्दल बोलणं थांबलं.

गावाने मात्र गाणं डोक्यावर घेतलं. न्हाव्याच्या दुकानात तेच, टायरवाल्याकडे तेच, शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरी या चौघींसारख्याच केसांना फिती बांधून तेच नाचत. आणि कार्यक्रमांमागून कार्यक्रम. कार्यक्रम म्हणजे काय, तर मागे टेप लावायची आणि पुढे चौघींनी ओठ हलवायचे. माईक बंद. त्यातही कसब असतं हो. श्वास घेतलेला दिसायला हवा, मान योग्य जागी मागे टाकायला हवी, टाचांच्या बुटांनी पाय सोलवटले तरी दात दिसले पाहिजेत. शिट्टी "ना"च्या वेळी डोळे मिटून हात वर न्यायची आणि टाळ्या पडायच्या. आपल्याच आवाजासाठी तोंड हलवताना तिला पहिल्यांदा गंमत वाटायची. पुढे पुढे बेचैन व्हायला लागलं. गाता येणाऱ्या माणसाला रोज गप्प उभं करून वर टाळ्या द्यायच्या, ही शिक्षा कोणी शोधून काढली असेल तर त्याला माझा नमस्कार.

मग एका पेपरवाल्याने लिहिलं की या मुलींना फक्त ओठ हलवता येतात. मॅनेजरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने जाहीर केलं, पुढचा मैदानावरचा कार्यक्रम अस्सल. खरे वादक, उघडे माईक. बहिणींच्या तोंडचं पाणी पळालं, महाराणीने तर दोन दिवस फोनच उचलला नाही. शिट्टी तेवढी खूश. तिला वाटलं, आता कळेल सगळ्यांना.

वादक आले. त्यांनी गाणं कॅसेटवरून बसवलं, दुसरं होतं काय त्यांच्याकडे? पहिल्या तालमीला शिट्टी ओळ घेऊन वर गेली आणि "ना"च्या अलीकडेच तिला कळलं की पुढे जागा नाही. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे भिंत निघावी, तसं झालं. तिने झटकन आवाज खाली घेतला आणि हसून म्हणाली, "राखून ठेवतेय. कार्यक्रमाला सोडीन."

गाणाऱ्यांची ही जुनी सवय असते. तालमीत पूर्ण गळा लावायचा नाही, मोक्याच्या वेळेसाठी ठेवायचा. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. वादकांनी उलट मान डोलावली, म्हणजे ही खरी गाणारी. आणि शिट्टीने स्वतःपुरता निकाल लावून टाकला. दोन वर्षं नुसते ओठ हलवून आपण आवाज गंजवला. कोणाला सांगायची सोय नाही, कारण बँडमधे तिची किंमत त्या एका सुराएवढी. मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मध, वाफ, अख्खा दिवस मौन. तालमीत प्रत्येक वेळी "राखून ठेवतेय." तिने जर एकदाच, एकदाच, पूर्ण गळ्याने फाटून दाखवलं असतं, तर पेटीवाल्याने दोन मिनिटांत पट्टी खाली केली असती. पण ती एकोणीस वर्षांची होती आणि हट्टी होती.

मैदान माणसांनी फुललं होतं. पहिल्या कडव्यानंतर ओळ आली, शिट्टीने डोळे मिटले, हात वर नेला आणि "ना" फाटला. असा फाटला की पुढच्या रांगेतल्या पोराने कानावर हात ठेवले. आधी लोक गप्प झाले, मग हसले. ती ओळ गाण्यात पुन्हा पुन्हा येते, म्हणजे हिने पुन्हा पुन्हा त्याच भिंतीवर जाऊन आदळायचं. शेवटच्या वेळी तर मैदानच तिच्याऐवजी किंचाळलं, चेष्टेने. गाणं संपल्यावर तिने माईकमधे "सॉरी" म्हटलं. कोणी म्हणायला लावलं नव्हतं. तिचं तिनेच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने बँड सोडला. मॅनेजरने थांबवलं नाही. तिच्या जागी तिच्याच उंचीची दुसरी मुलगी आली, टेप पुन्हा सुरू झाली आणि शिट्टीच्या आवाजावर ती नवी मुलगी हात वर न्यायला लागली. एक-दोन वर्षांनी लोकांना कंटाळा आला आणि बँडही संपला.

पुढचं आयुष्य म्हणजे नुसती धावपळ. पडद्यांच्या दुकानात काम केलं, सोडलं. दवाखान्यात फोन घ्यायला बसली, उठली. एका ऑफिसात तर दुपारच्या चहालाच राजीनामा दिला, कारण कोणाच्या तरी फोनची रिंग तेच गाणं होतं. मधूनमधून घशाचे डॉक्टर. तिने शहरातले सगळे पालथे घातले. प्रत्येकाने जीभ दाबून बॅटरी मारली आणि सांगितलं, "घसा उत्तम आहे." शिट्टीने प्रत्येकाला मनातल्या मनात नालायक ठरवलं आणि पुढचा गाठला. लग्न झालं. नवरा सज्जन भेटला. आवाज गेला या एका गोष्टीभोवती तिने बाकीचं सगळं रचलं. घरात ती कधी गुणगुणतसुद्धा नसे. कोणी गा म्हटलं की म्हणायची, "माझा आवाज गेला हो." ऐकणारा हळहळायचा आणि ही उठून काहीतरी आवरायला लागायची.

महाराणीचा फोन आला तेव्हा शिट्टी गाडीत होती. महाराणी आता फ्लॅट विकते आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तशी सगळ्यांशी बोलते.

"गुड न्यूज आहे! जुन्या बँडांचा एक मोठा कार्यक्रम होतोय, आपल्याला बोलावलंय. चौघी. मूळच्या चौघी हव्यात त्यांना."

"मी नाही येत."

"अगं ऐक तरी. गायचं नाहीये! टेप लावणार. आपण नुसतं उभं राहायचं, थोडं हलायचं. माझे गुडघे बघता फार हलायचंही नाही."

शेजारी बसलेल्या शिकाऊ बाईने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, पहिल्यांदाच कोणी मधे ब्रेक न दाबता.

"मी येईन," शिट्टी म्हणाली, "पण माझी ओळ मी गाणार. माईक उघडा हवा."

"वेडी झालीस का? झेपणार आहे का तुला? परत तसंच झालं तर?"

"झालं तर झालं. टेपवर तोंड हलवायला मी येणार नाही."

फोन ठेवल्यावर तिला स्वतःलाच कळेना आपण असं का बोललो. कळत होतं एवढंच, की लोकांसमोर तो सूर एकदा लागला पाहिजे. एकदा. नाही लागला तर पुन्हा त्या गोदामामागे जायचं नाही, कायमचं सोडून द्यायचं.

त्यानंतर तिने घरच्यांना सळो की पळो करून सोडलं. पहाटे वाफ, दुपारी वाफ, फ्रिजमधलं गार पाणी बंद. सगळ्यांचं बंद! गोदामामागे आता दिवसातून पाच-सहा खेपा. आवाज फाटून फाटून बसला, तर बसलेल्या आवाजानेही वर जायचा प्रयत्न. नवरा एक दिवस चष्मा पुसत म्हणाला, "तू घशाशी भांडतेयस."

"मग काय करू?"

"मला गाण्यातलं काय कळतं? पण नंबर चुकीचा असला ना, की माणूस डोळे ताणतो. कितीही ताणले तरी दिसत नाही."

शिट्टी चिडली. "सगळ्यात आणू नकोस तुझं दुकान," म्हणाली आणि स्वयंपाकघरातले डबे पुसायला काढले.

कार्यक्रमवाल्यांना मूळ रेकॉर्डिंग हवं होतं, गाणं नव्याने साफ करायला. ते रेकॉर्डिस्टकाकांकडे असणार असं महाराणीला कुठून तरी कळलं, आणि ते आणायला शिट्टीला पाठवायचं ठरलं, कारण तिच्याकडे गाडी.

काका आता थकले होते. स्टुडिओ कधीच बंद झालेला. घरातल्या मागच्या खोलीत जुनी मशिनं चादरी पांघरून ठेवलेली, आजारी माणसं झोपवावीत तशी. त्यांनी शिट्टीला ओळखलं, चहा ठेवला आणि एक चादर बाजूला केली. "देण्याआधी वाजतंय का बघू," म्हणाले. टेपचं चाक बसवलं, पट्टी ओढून गुंडाळली, बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. शिट्टीने कपाळाला आठ्या घातल्या. काहीतरी बिघडलं होतं. चाल सावकाश होती, उड्या नव्हत्या. महाराणीचा आवाज महाराणीसारखाच, थोडा जाडसर. मग ती ओळ आली. एक मुलगी भरल्या गळ्याने गात होती, घाई न करता, आणि "ना"वर अशी चढली की तिला काही श्रमच पडले नाहीत. आवाज गोल होता, गरम होता. कॅसेटवरच्या त्या लखलखीत आवाजाशी त्याचं काही नातं नव्हतं.

"काका, मशिन हळू चालतंय तुमचं."

"नाही. बरोबर चालतंय."

"मग हे कोण गातंय?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. "तू."

शिट्टी उभी राहिली. "कॅसेटवर असं नाहीये."

"कॅसेट पळवलेली आहे," काका म्हणाले. मशिनवर एक बारकी चकती होती, ती त्यांनी बोटाने थोडी फिरवली. गाणं एकदम उड्या मारायला लागलं, आवाज वर चढले, कोवळे झाले, आणि शिट्टीला तिचा तो जगप्रसिद्ध "ना" ऐकू आला. त्यांनी चकती मागे फिरवली. भरल्या गळ्याची मुलगी परत आली. "मॅनेजर म्हणाला, झोप येतेय, पळवा जरा. टेप पळवली की सूरही वर जातो, जवळजवळ एक अख्खा सूर. तेव्हा सर्रास करायचे सगळे. पोरी लहान वाटतात."

"म्हणजे तो सूर..."

"तो कोणीच गायलेला नाही. तो मशिनचा."

चहा उतू गेल्याचा वास आला. दोघांपैकी कोणी हललं नाही. शिट्टी, जी कुठेच हलल्याशिवाय राहू शकत नाही, ती खोलीच्या मधोमध तशीच उभी होती.

"मला सांगितलं का नाही?" तिने विचारलं. आवाज फार खाली गेला होता.

"मला वाटलं तुला माहीत आहे. तूच तर गायली होतीस."

"मी मैदानावर फाटले, काका. सगळ्यांसमोर."

"मी नव्हतो तिथे," ते म्हणाले आणि मग जरा वेळाने, "ऐकलं होतं. मला वाटलं, सर्दीबिर्दी झाली असेल."

त्यांनी टेप उलटी गुंडाळली आणि काही न विचारता पुन्हा लावली. ओळ आली तेव्हा शिट्टीने तोंड उघडलं. फाडून फाडून बसवलेला घसा होता, मधली सगळी वर्षं होती, तरी ती टेपमधल्या मुलीबरोबर निघाली, वळसा घेतला आणि "ना"वर गेली. लागला. ओढाताण नाही, भिंत नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवावा तसा सहज लागला. पुन्हा घेतला, पुन्हा लागला. तिसऱ्यांदा तिने घेतलाच नाही. ती तिथल्या एका मशिनवर, चादरीवर, बसली आणि हमसून हमसून रडली. सूर न लागण्याचं दुःख तिने इतकी वर्षं सांभाळलं होतं. तो इतका सोपा होता हे दुःख कुठे ठेवायचं ते तिला माहीत नव्हतं.

घरी जाताना तिने गाडी मधेच थांबवली आणि मॅनेजरला फोन लावला. त्याला आधी काही आठवेना. मग आठवलं. "अगं, सगळेच करायचे तेव्हा!"

"कार्यक्रम अस्सल करायचा ठरवलात तेव्हा आठवलं नाही?"

"कोणाच्या लक्षात राहतं? आणि तू तरी कुठे विचारलंस?"

शिट्टीच्या तोंडावर शिव्या आल्या होत्या, चांगल्या ठेवणीतल्या. पण त्या म्हाताऱ्या, गोंधळलेल्या आवाजावर त्या खर्ची घालाव्यात असं तिला वाटेना. तिने फोन ठेवला आणि आईला लावला. सगळं सांगितलं, एका दमात. आई ऐकत होती. मागे शिलाई मशिन चालल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मग मी काय म्हणत होते?" आई म्हणाली.

"मला वाटलं तू जळतेस."

"जळत नव्हते गं. मला तुझा आवाज हवा होता. विकतच्या कॅसेटमधे माझी मुलगी नाही, याचं मला वाईट वाटलं होतं."

आईनेच मग शिवणाला काय काय आलंय ते सांगत फोन चालू ठेवला.

तालमीत नवा तंटा. कार्यक्रमवाला तरुण आणि गोडबोल्या. म्हणाला, "मॅडम, लोकांना जुनं तेच हवं असतं. तुमच्या पट्टीत घेतलं तर गाणं बसल्यासारखं वाटेल. असं करू, टेप लावू, कोणाला कळतंय?"

"मला कळतंय," शिट्टी म्हणाली.

"पण तुमचंच नुकसान आहे. लोक म्हणतील, आवाज गेला."

"म्हणू देत. मी काही गाण्याला पैंजण बांधून पळवायला आलेले नाही. हे गाणं असं गायलेलं आहे. असंच होईल, नाहीतर माझ्याशिवाय होईल."

सगळ्यांना वाटलं महाराणी आता तिला गोडीगुलाबीने समजावेल. महाराणी खुर्चीतून गुडघा धरत उठली आणि कार्यक्रमवाल्याला म्हणाली, "खालच्या पट्टीत घ्या. मलाही बरं पडेल. स्टुडिओतून बाहेर पडल्यावर मी ते गाणं कधी गायलेच नाहीये, आयुष्यभर नुसते ओठ हलवलेत." मग शिट्टीकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी मैदानावर मी तुझा हात धरायला हवा होता. मी दोन पावलं लांब सरकले. मला आठवतं ते." शिट्टीने मान हलवली. माफ करायला तिला अजून वेळ लागणार होता, पण ऐकून बरं वाटलं.

कार्यक्रमाला सभागृह भरलेलं होतं. नवरा चौथ्या-पाचव्या रांगेत, शेजारी आई, नेहमीच्या खुर्चीची उशीसुद्धा बरोबर घेऊन आलेली. गाणं सुरू झालं तेव्हा लोक थोडे गोंधळले. ओळखीचं होतं, पण सावकाश, जड. एक-दोघांनी टाळ्या धरायचा प्रयत्न केला आणि ठेका चुकून सोडून दिला. मग शिट्टीची ओळ आली. तिने डोळे मिटले नाहीत, हात वर नेला नाही. ती सरळ समोर बघत गायली, आणि "ना" लागला, भरलेला, गोल, काकांच्या टेपमधल्या त्या मुलीचा. शेवटच्या वेळी तर तिने तो इतका वेळ धरला की वादक तिच्याकडे बघायला लागले. टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. छप्पर वगैरे काही उडालं नाही.

बाहेर दाराशी लोक भेटत होते, फोटो काढत होते. एक बाई गर्दीतून वाट काढत शिट्टीपाशी आली. जवळपास तिच्याच वयाची. डोळ्यांत पाणी. "मी शाळेत असताना तुमच्यासारखी फीत बांधायचे," म्हणाली. "किती वर्षांनी ऐकलं! फार छान झालं." मग तिने शिट्टीचा हात हातात घेतला आणि आवाज खाली करून, अगदी घरच्या माणसाच्या मायेने म्हणाली, "तुमचा तो वरचा सूर मात्र आता खाली आला ना? वयाने होतंच हो. आमचंही सगळं खालीच आलंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

हेच वाक्य. यालाच घाबरून ती नोकऱ्या बदलत आली, डॉक्टर पालथे घालत आली. शिट्टीला त्या बाईला सगळं सांगावंसं वाटलं, टेप, चकती, झोप येणारा मॅनेजर, पेटीवाला, सगळं. सांगितलं असतं तरी बाईने मायेने मान हलवली असती आणि मनात म्हटलं असतं, बिचारी.

"घेतलं होतं," शिट्टी म्हणाली. "चुकून घेतलं होतं."

बाईला ते कळलं नाही. ती हसली, फोन पुढे धरला आणि फोटोसाठी शिट्टीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.